पाच ऑलिम्पिक आणि साडेचार मिनिटे

फेब्रुवारी 2018 मध्ये मी दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिम्पिकला गेलो, तो मुख्यतः भारताच्या शिवा केशवनच्या ल्यूजच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीच्या, बातमीसाठी. ती स्पर्धा आटोपली होती आणि जगदीश सिंगची 15 किलोमीटरची स्कीइंग शर्यत 16 तारखेला होती. त्यामुळे 15 ची सकाळ मोकळी सापडली आणि मी गांगनुंगच्या आइस अरीनात फिगर स्केटिंगमधल्या जोड्यांच्या फ्री स्केटला, म्हणजे दुसऱ्या आणि मोठ्या फेरीला, जाऊन बसलो. मुंबईत तेव्हा जेमतेम सात वाजले असल्याने डेस्कवरून फोन येण्याची धास्ती नव्हती. वार्ताहराला स्पर्धा नुसती बघायला मिळणे ही चैनच म्हणायची.

माझे लक्ष होते जर्मनीच्या अल्योना सावचेंकोकडे. एकेरीतल्या खेळाडूची कारकीर्द स्वतःच्या पायांवर उभी असते. जोडीतल्या खेळाडूची मात्र दुसऱ्याच्या गुडघ्यांवर, मर्जीवर आणि पासपोर्टवरही अवलंबून असते. युक्रेनमध्ये जन्मलेली सावचेंको 2002 चे ऑलिम्पिक स्टानिस्लाव मोरोझोव्हच्या जोडीने युक्रेनकडून खेळली. पुढे जर्मनीत रॉबिन शोलकोवीच्या साथीने तिने पाच विश्वविजेतेपदे आणि 2010 व 2014 ची कांस्यपदके मिळवली. शोलकोवी निवृत्त झाल्यावर तिने फ्रान्सच्या ब्रूनो मासोला जोडीला घेतले, पण जर्मनीकडून खेळण्यासाठी फ्रान्सकडून त्याची सुटका होईपर्यंत एक अख्खा मोसम दोघांना स्पर्धेविना काढावा लागला. ऑलिम्पिकसाठी दोघेही एकाच देशाचे नागरिक असावे लागतात. मासो जर्मन भाषेच्या परीक्षेत अडकला होता आणि त्याला नागरिकत्व मिळाले ते 2017 संपत आल्यावर.

त्यात आदल्या दिवशी शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, मासोची तिहेरी साल्को उडी दुहेरीच झाली होती. चौथे स्थान, आणि चीनच्या सुई वेनजिंग व हान त्सोंग यांच्यापेक्षा 5.80 गुण कमी.

फ्री स्केट तेव्हा साडेचार मिनिटांचे असे. टीव्हीवर न कळणारी गोष्ट म्हणजे थ्रोमधला वेग: मासोने तिला कमरेला धरून भिरकावले, तीन गिरक्या घेत ती कितीतरी दूर गेली आणि उलट्या दिशेने एका पायावर, पात्याच्या बाहेरच्या धारेवर उतरली. उतरताना पात्याचा खरवडल्यासारखा आवाज येतो. तिच्या उतरण्यात तो जवळजवळ नव्हताच. शेजारचा परदेशी पत्रकार टिपणे घ्यायचे विसरून गेला होता.

फलकावर 159.31 लागले. हा तेव्हाचा विश्वविक्रम होता आणि एकूण गुण झाले 235.90. तरीही तीन जोड्या बाकी होत्या. कॅनडाच्या मेगन दुहामेल आणि एरिक रॅडफर्ड यांना 230.15 मिळाले, रशियाची जोडी चौथ्या स्थानावर घसरली आणि चिनी जोडी 235.47 वर थांबली. फरक फक्त 0.43 चा, एखादी उडी जरा डळमळत उतरली तरी याहून जास्त गुण जातात. चौतिसाव्या वर्षी, पाचव्या ऑलिम्पिकमध्ये, सावचेंकोला पहिले सुवर्णपदक मिळाले.

महिनाभराने मिलानमध्ये याच जोडीने 245.84 गुणांसह विश्वविजेतेपदही जिंकले. त्यानंतर ते दोघे पुन्हा स्पर्धेत उतरलेच नाहीत.