घरीच आहात ना?

दुपारी सव्वादोनला फोन वाजला की आमच्याकडे दोनच शक्यता धरतात. कुणीतरी गेलं, नाहीतर कुणीतरी येतंय. परवा दुसरी निघाली.

"वहिनी, झोपमोड नाही ना केली?" नणंदेच्या जावेचा भाऊ. मग पाऊसपाणी, मुलांच्या परीक्षा, गुडघे, आणि शेवटी, "अनंत चतुर्दशीला घरीच आहात ना?"

आमच्या गॅलरीतून मान जरा वाकडी केली की लक्ष्मी रोड दिसतो, एवढाच आमचा गुन्हा. सकाळी मंडईतून कसबा गणपती हलतो तिथपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत, २८-३० तास, आमच्या गॅसवरचं चहाचं आधण उतरत नाही. पोहे परातीत भिजवावे लागतात. बाथरूमची कडी कायम आतून लागलेली. ढोलांनी कपाटातल्या बशा थरथरतात आणि दिवाणावर भलत्याच कुणाचं तरी बाळ गाढ झोपलेलं असतं. हे कोणाचं, असं विचारणंही बरं दिसत नाही.

"अगं बाई, आम्ही नेमके वाईला!" मी म्हणून गेले.

आजी असली लबाडी करत नसे. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, चौकात एक नळ, संडासाला रांग. संध्याकाळी कुणी वळकटी घेऊन दारात उभं राहिलं की ती तोंडभर "या या" म्हणायची. नको असलेला पाहुणा असला, तर "आता राहाच" असंही म्हणायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात मापटं घालायची. डबा भरलेला असला तरी तळाशी पत्रा खरवडल्याचा आवाज कसा काय काढायची, देव जाणे. खर्र. थांबून पुन्हा खर्र. बाहेर पाहुणा चुळबुळायला लागायचा. "काकू, मी निघतोच, स्वारगेटहून रात्रीची गाडी आहे." "अरे, असं कसं, दोन घास तरी..." पुन्हा खर्र. मी पाचसहा वर्षांची असेन. तो आवाज आला की आज अंथरूण आपल्याला एकटीला मिळणार, हे मला कळायचं.

तोंडाने "नको" मात्र तिने कधी म्हटलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तिचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड पाण्यात गेलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी सात माणसं घेऊन ती भवानी पेठेत मावसबहिणीच्या दारात उभी राहिली. तिथे चार महिने काढले. त्या चार महिन्यांबद्दल ती फारसं बोलायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "तिने मापटं वाजवलं नाही हो."

असो.

तर वाई. सोयीचं खोटं असं की गाव जवळचं हवं, पण उठून बघून येण्याइतकं जवळचं नको. मला वाटलं, जमलं.

"वाईला? अहो, माझा साडू वाईलाच असतो की! गणपती घाटाजवळच. सांगतो त्याला, येईल भेटायला. कुणाकडे उतरणार तुम्ही?"

एक खोटं टिकवायला पुढची तीन लागतात, आणि ती लिहून ठेवावी लागतात. मी म्हणाले, "मामेबहिणीकडे." मामेबहीण खरी आहे. वाईत आहे, हेही खरं. शेवटची भेट तिच्या मुलीच्या लग्नात, आणि ती मुलगी आता स्वतः दोन मुलांची आई आहे.

रात्री ह्यांना सांगितलं. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "मग जाऊया की खरंच. इथला आवाज तरी चुकेल."

तेव्हा सध्या मी तिचा नंबर शोधतेय. सापडला की आधी गुडघ्यांची चौकशी करीन. मग विचारीन, घरीच आहेस ना गं.