पांढरं पडलेलं खळं

"हयसर चुनो कोणी मारल्यान रे?" मालवणात एका खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, नव्या स्टॅम्प काँक्रीटवर (साच्याने नक्षी उठवलेल्या काँक्रीटवर) पाय घासत आजींनी आज विचारलं.

चुना कसला, घाईत मारलेला सीलर, म्हणजे काँक्रीटवरचा संरक्षक लेप. काँक्रीट ओलं असताना मारला की ओल खाली अडकते आणि काँक्रीटला दिलेला जांभ्या दगडाचा रंग दुधाळ होतो. ओतल्यावर २८ दिवस थांबायचं. मग दीड फुटाचं प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचं. सकाळी आतून घाम दिसला तर अजून थांबायचं. पावसाळ्यात तर नकोच.

सीलरचे हात दोनच, तेही पातळ. जाड थरावर शेवाळ धरलं की घसरगुंडीच! म्हणून सीलरच्या दुसऱ्या हातात अँटीस्किड, म्हणजे पाय घसरू न देणारी, पावडर मिसळतात.

साच्याचं डिझाइन सगळेच निवडून घेतात. ही पावडर किती जण मागतात?