हँडब्रेक ओढून ठेवला आणि चाक धरून बसलं

श्रावणात कणकुंबीला गेलतो, बोलेरोच्या मागं आमचा कॅम्पर ट्रेलर, बेळगावच्या उद्यमबागेत बनवून घेतलेला, एका एक्सलचा. मलप्रभेचा उगम बघून झाला आणि माघारी येताना हौस म्हणून आतल्या कच्च्या रस्त्यानं घुसलो, तर उतार संपतो तिथंच ओढा आडवा. पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, थोडं वर, तळ दिसत होता, घातली गाडी.

पाण्यात काहीच झालं नाही. झालं ते पुढच्या उतारावर, ब्रेक मारला आणि मागनं म्हशीनं ढुशी दिल्यासारखा दणका. आमच्या ट्रेलरला वायरिंगचा ब्रेक नाही, कपलिंगचा (गाडीला जोडतो त्या सांध्याचा) आहे, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं रेटतो आणि त्या रेट्यानंच केबल ओढली जाऊन शू चाकातल्या ड्रमला आतनं लागतात. शूवरचे लायनर, म्हणजे घासणारा थर, ओले असले की रेटा तेवढाच येतो पण पकड शून्य, आणि ड्रम म्हणजे बंद डबाच, डिस्कसारखं पाणी झटकन उडून जात नाही. मग सपाटीवर मागं कोण नाही बघून हळू चालवत पाचसहा वेळा हलका ब्रेक मारला, तेव्हा कुठं लायनर गरम होऊन सुकले. हे ओढ्यातनं बाहेर आल्या आल्या करायचं असतं, मी दणका खाल्ल्यावर केलं.

खरा शहाणपणा तर घरी आल्यावर केला 🙂 ट्रेलर दारात लावला, सवयीनं हँडब्रेक ओढला आणि दहा दिवस विसरलो. नंतर ओढायला गेलो तर डावं चाक फिरेचना, नुसतं घासत आलं. मिस्त्रीनं ड्रम ठोकून ठोकून काढला, आत लाल माती आणि गंज मिळून लायनर ड्रमला चिकटलेले, आणि बेअरिंगमधलं ग्रीस बोटावर घेऊन दाखवलं, पांढरट, घट्ट ताकासारखं. म्हणाला, "गरम हब घेऊन पाण्यात उतरलासा काय ओ?"

उतरलो होतो की! उतारभर ब्रेक मारत आलेला तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ऑइल सील (ग्रीस आत धरून ठेवणारी रबरी रिंग) जरा जरी झिजलेलं असेल तर तिथनं पाणी आत ओढलं जातंय.

आता मी पाण्याच्या अलीकडे थांबून हबवर हात ठेवून बघतो, चटका बसला तर थर्मासमधला चहा काढायचा. घरी आल्यावर हँडब्रेक सोडलेला, चाकाला दोन्हीकडनं दगड. आणि पाणी गढूळ लागलं असेल तर ड्रम उघडून धुवायचाच, मातीत वाळू असते ती लायनर खाते.

हे सगळं ओढ्यापुरतं हं. निपाणी-चिकोडीकडचे भोज-कारदगा किंवा कल्लोळ-यडूरसारखे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात तिथं ब्रेकचा प्रश्नच नाही, ट्रेलर हलका डबा, वाहत्या पाण्यात आधी तोच आडवा होणार आणि गाडीलाही ओढणार.

दोन्ही चाकांचे सील, बेअरिंग, ग्रीस बदललं. उजव्या बाजूचं ग्रीस चांगलं निघालं, तरी बदललंच.