झोपले, पण झोप लागली नाही

मिरजेत बारा वर्षं नर्सिंग केलं. औषधांची नावं, डोस, रिपोर्ट सगळं इंग्रजीतच, त्यामुळे मँचेस्टरला येताना भाषेची धास्ती नव्हती. अडले ते झोपेवर!

पहिल्याच आठवड्यातली नाइट. सहा नंबरचे आजोबा दहाला आडवे झाले, पण दोनपर्यंत छताकडे बघत पडले होते. सकाळी हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सांगताना, मी म्हटलं, "ही स्लेप्ट ॲट टेन, बट ही कुड नॉट स्लीप." लिहिता लिहिता सिनियर सिस्टर थांबल्या. म्हणजे झोपले की नाही झोपले?

आता मराठीत यात काय चुकलं, सांगा. दहाला झोपले, पण झोप लागली नाही. आपलं झोपणं म्हणजे गादीला पाठ टेकणं. झोप वेगळी. ती येते, लागते, उडते, सगळं तिच्या मर्जीनं. इंग्रजीत 'स्लेप्ट' म्हटलं की माणूस खरोखर झोपलेला असावा लागतो. नुसती पाठ टेकली तर 'वेन्ट टु बेड', आणि डोळा लागला की 'फेल अस्लीप'. म्हणजे आजोबा 'वेन्ट टु बेड ॲट टेन, बट डिडन्ट फॉल अस्लीप अन्टिल टू'. एवढं साधं वाक्य, पण तेव्हा सुचायला हवं ना.

मग एकदा डोळे चोळत कामावर गेले आणि मैत्रिणीला म्हटलं, "आय स्लेप्ट लेट." ती म्हणाली, "लकी यू!" तिला वाटलं, मी उशिरापर्यंत लोळत होते. मी तर रात्री दोनला झोपले होते. त्यासाठी 'आय वेन्ट टु बेड लेट' म्हणायचं.

पण सगळ्यात मोठा घोळ आजींच्या वेळी झाला. रात्रभर बडबडणाऱ्या आजींचा हात धरून बसले, थोपटलं, तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला. बाहेर येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आय पुट हर टु स्लीप." बाहेरच्या दोघी नर्स माझ्याकडे बघतच राहिल्या. बाळाच्या बाबतीत हे चालतं, ऑपरेशनआधी भूल देण्यालाही म्हणतात. पण म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला डॉक्टरकडे नेऊन 'पुट टु स्लीप' केलं, तर ते कुत्रं घरी परत येत नाही. वॉर्डात म्हणायचं 'आय सेटल्ड हर'. तेव्हापासून मी सगळ्यांना सेटलच करते.

'टेक रेस्ट' मात्र सोडलेलं नाही. इथले लोक 'गेट सम रेस्ट' म्हणतात, पण माझं कुणाला कळलं नाही असं कधी झालेलं नाही. उगाच कशाला बदला!

आणि हो, इथे माणसाचा पायही झोपतो. "माय फुट हॅज गॉन टु स्लीप" म्हणजे पायाला मुंग्या आल्या.

आज नाइट संपवून घरी आले, पडदे ओढले, पांघरूण घेतलं. दहाला आईचा फोन. तिकडे साडेतीन, तिची दुपारची डुलकी काढून झालेली.

"झोपली नाहीस का गं अजून?"

"झोपलेय आई. झोप लागत नाहीये."

"बरं, पडून राहा," म्हणाली, आणि लगेच फोन ठेवला.