रिगची नोंद: ठेका काढल्यावर

अटारी टीनेज रायट हा बँड १९९२ ला बर्लिनमध्ये सुरू झाला तेव्हा भांडवल काय, तर अटारी एसटी हा साधा घरगुती कॉम्प्युटर, ९०९ ड्रम मशीन आणि घोषणा. निक एंडो बँडमध्ये आल्यावर नॉइजचा, म्हणजे सुरातालाबाहेरच्या गोंगाटाचा, भार वाढला. १९९९ ला लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीतल्या कार्यक्रमात तर ठेका जवळपास गायबच, सलग गोंगाट. नुसता व्हॉल्यूम चढवून तिथं पोचता येत नाही. आपल्याकडच्या डॉल्बीच्या भिंती बघा, कानठळ्या बसतात, पण ठेका एकदम शाबूत.

आपल्या रिगमध्येही, म्हणजे गोंगाट वाजवायच्या आपल्या यंत्रांच्या जोडणीतही, तीच अडचण होती. १९० बीपीएमचा (मिनिटाला १९० ठोके) ब्रेकबीट, म्हणजे तुटक ड्रमचा ठेका, आणि बाकी सगळं एकाच डिस्टॉर्शनमध्ये (आवाज फाडणाऱ्या यंत्रात) घातलं की किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, इतरांना दाबते आणि गोंगाटसुद्धा तालात धापा टाकतो. म्हणून ब्रेकबीट काढला. आता मूळ सिग्नल दोनच.

पहिला, बिनइनपुटचा मिक्सर. ऑक्स सेंडची (मिक्सरमधून आवाज बाहेर पाठवायच्या जादा वाटेची) केबल त्याच मिक्सरच्या एका लाइन इनमध्ये (आवाज आत घ्यायच्या खाचेत). मेन फेडर खाली ठेवूनच त्या चॅनलचा ऑक्स उघडायचा, कारण शिट्टी सांगून येत नाही. मिडचा (मधल्या स्वरांचा) नॉब किंचित फिरवला तरी शिट्टीची घरघर होते. हेडफोन लावून हे करू नका.

दुसरा, पत्रा. उद्यमनगरात भंगारात १ मिमीचा तुकडा सहज मिळतो. त्यावर २७ मिमीची पिएझो चकती, जी पत्र्याच्या कंपनाची वीज करते. डाग देताना मधल्या पांढऱ्या भागावर सोल्डरगन दोन सेकंदांपेक्षा जास्त नको, चांदीचा थर उचकटतो. चकती थेट लाइन इनला लावली तर आवाज डबड्यासारखा येतो. साधारण २० नॅनोफॅरडची चकती आणि १० किलोओहमचा इनपुट, म्हणजे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळतं. मध्ये जे२०१ या ट्रान्झिस्टरचा बफर (चकतीवरचा भार हलका करणारं छोटं सर्किट) टाका: ९ व्होल्टची बॅटरी, गेटला २.२ मेगाओहमचे दोन रेझिस्टर (एक प्लसला, एक ग्राउंडला), सोर्सपासून ग्राउंडला १० किलोओहम, आउटपुटला १ मायक्रोफॅरड. मग गळती २० हर्ट्झच्या खाली जाते. अॅडॅप्टर नको, शेजारी वेल्डिंग सुरू झालं की तेही सेटमध्ये वाजतं.

दोन्ही सिग्नल डिस्टॉर्शनमध्ये जाण्याआधी १२० हर्ट्झला हायपास, म्हणजे त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर. पूर्ण क्लिप झालेल्या, म्हणजे वरची-खालची टोकं छाटलेल्या, आवाजात लहानमोठं उरतच नाही, डिस्टॉर्शनच्या आधीचा फेडर हलवून काही घडत नाही. हालचाल हवी तर डिस्टॉर्शनच्या आधीचा ईक्यू (स्वरपट्ट्या कमीजास्त करणारे नॉब) फिरवायचा. नंतरच्या ईक्यूनं फक्त रंग बदलतो.

अॅम्पच्या आधी ८ किलोहर्ट्झला लोपास (त्यावरचे स्वर कापणारा फिल्टर) सक्तीचा. क्लिपिंगमुळे वरच्या फ्रिक्वेन्सीत सतत ताकद जाते आणि भाड्याच्या बॉक्सचा ट्विटर आधी जळतो. वूफर मजेत असतो.

पुढचं काम: दुसऱ्या ऑक्सच्या लूपमध्ये ३० मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे आवाज उशिरानं परत देणारं यंत्र. फीडबॅक नॉब अर्ध्याच्या खाली, नाहीतर तो एकटाच सगळं गिळतो.