सजामधली भट्टी आणि आमच्या घरातला एसी

गेल्या ऑगस्टमध्ये आई चिंचवडहून शारजाला आमच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच संध्याकाळी दोन्ही हातांत एकेक पिशवी घेऊन तिने विचारले, "अरे, ओला कुठे टाकायचा आणि सुका कुठे?" आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारच्या भिंतीत एक लहानशी लोखंडी झडप आहे. ती उघडून पिशवी आत सोडली की सात मजले घरंगळत ती तळघरातल्या पेटीत जाऊन आदळते. झडप एकच आहे. हे सांगितल्यावर आई क्षणभर माझ्याकडे अशी पाहत राहिली, की जणू मीच काहीतरी लपवतो आहे. तिच्या सोसायटीत घंटागाडीवरची बाई मिसळलेला कचरा परत करते.

तिचे समाधान व्हावे म्हणून मी म्हणालो की इथे कचऱ्यातून कामाच्या वस्तू यंत्रावर वेगळ्या काढतात आणि उरलेला जाळून त्याची वीज करतात. "मग हा एसी आपल्याच कचऱ्यावर चालतो म्हण की," ती म्हणाली. मी बॉयलरच्या देखभालीत वीस वर्षे घालवली आहेत, त्यामुळे या वाक्यावर नुसती मान डोलावणे मला जमले नाही आणि रात्री मी कागद घेऊन बसलो.

शारजाचा हा प्रकल्प शहराबाहेर धैदच्या रस्त्याकडे, अल सजा भागात आहे. (मराठी कानाला हे नाव ऐकून जे वाटते ते आईलाही वाटले, आणि कचऱ्याला ते शोभते असेही तिने ठरवून टाकले.) बीआह आणि मसदार या दोन कंपन्यांनी मिळून उभारलेला हा प्रकल्प मे 2022 मध्ये सुरू झाला. वर्षाला 3 लाख टन कचरा आणि 30 मेगावॅट वीज ही त्याची क्षमता. वर्षातले सुमारे 8,000 तास तो पूर्ण भाराने चालतो असे धरले, तर 24 कोटी युनिट होतात, म्हणजे एका टनामागे 800 युनिट. आता आमचे घर. मी आठवडाभर पिशव्या ताणकाट्यावर लावून पाहिल्या. चार माणसांचा कचरा जेमतेम 25 किलो भरला, म्हणजे महिन्याला 100 किलो आणि त्याची वीज 80 युनिट. आमचे ऑगस्टचे बिल 1,650 युनिटांचे होते. थोडक्यात, महिनाभर जमवलेल्या कचऱ्यावर आमचे घर दीड दिवस चालते आणि उरलेल्या साडेएकोणतीस दिवसांची वीज दुसरीकडून यावी लागते.

दुबईतल्या वरसानचा प्रकल्प याच जातीचा, पण कितीतरी मोठा आहे. तिथे दररोज साडेपाच हजार टनांच्या आसपास कचरा जळतो आणि सुमारे 200 मेगावॅट वीज होते. आकडा भरभक्कम वाटतो, परंतु दुबईच्या वीज मंडळाची एकूण क्षमता 16 हजार मेगावॅटच्या वर आहे, म्हणजे हा हिस्सा शेकडा एकाच्या जरा पुढे जातो. तेव्हा या भट्ट्यांना वीजकेंद्रे म्हणणे मला पटत नाही. त्या कचरा डेपो बंद करण्याची यंत्रे आहेत आणि वीज हा त्यांचा जोडधंदा आहे. याच कारणासाठी त्या मला आवश्यक वाटतात, हेही इथेच सांगून टाकतो. वाळवंटात जागेला काय तोटा, असे वाटते, परंतु बंद पिशवीतले उरलेले अन्न वाळवंटातही सडते आणि त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय डेपोला आग लागली की ती आठवडेच्या आठवडे धुमसते.

तेल आणि वायू असलेल्या देशाने हा खटाटोप का करावा, याचे उत्तरही सजातच सापडते, कारण हे नाव इथल्या जुन्या लोकांना कचऱ्यामुळे नव्हे, तर गॅसमुळे ठाऊक आहे. 1980 मध्ये इथेच शारजाचे मोठे वायुक्षेत्र सापडले. पुढे त्याचे उत्पादन उतरत गेले आणि जमिनीवरचे नवे क्षेत्र, महानी, मिळायला 2020 उजाडले. त्याआधीची 37 वर्षे कोरडी गेली होती. आखाताबाहेरच्या माणसाला इथल्या सगळ्या अमिराती सारख्याच श्रीमंत वाटतात, पण शारजाला गॅस जपून वापरावा लागतो. कचऱ्याच्या भट्टीमुळे वर्षाला 4.5 कोटी घनमीटर नैसर्गिक वायू वाचेल, असा तिच्या प्रवर्तकांचा हिशेब आहे. जिथे गॅस मुबलक आहे तिथेही तो घरच्या एसीत जाळण्यापेक्षा विकणे फायद्याचे असते. आखातात कचऱ्यापासून वीज करण्याची सुरुवात सर्वांत आधी कतारने केली, 2011 मध्ये मेसाईदला, आणि कतारइतका गॅस फार थोड्या देशांकडे आहे.

भट्टीच्या आत काय चालते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण माझा जीव तिथे रमतो. गाड्या कचरा एका खोल बंकरमध्ये ओततात. वर काचेमागे बसलेला माणूस क्रेनच्या पंज्याने तो उचलतो आणि पुन्हा खाली सोडतो, दिवसभर हेच. बाहेरून हे वेळ घालवणे वाटते, पण ओले आणि सुके सारखे मिसळले नाही तर भट्टी एका क्षणी भडकते आणि दुसऱ्या क्षणी मलूल होते. जळणाला लागणारी हवा मुद्दाम या बंकरमधूनच ओढली जाते, त्यामुळे दुर्गंधी बाहेर न पडता थेट आगीत जाते. कचरा सरकत्या जाळीवरून हळूहळू पुढे जात जळतो आणि धूर किमान दोन सेकंद 850 अंशांवर राहील अशी व्यवस्था असते, जेणेकरून डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये मोडली जातात. मग धूर स्वच्छ करायला चुना, कोळशाची बारीक भुकटी आणि कापडी गाळण्या. मागे वजनाच्या पाव ते पंचमांश राख उरते. तिच्यातले धातू काढून बाकीची रस्त्याच्या भरावात घालता येते. गाळणीत अडकलेली थोडी राख मात्र विषारी असते आणि ती जपूनच पुरावी लागते.

कोरड्या प्रदेशाची खरी अडचण यापुढे आहे. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. समुद्रकाठच्या केंद्रांना समुद्र आहे, पण आतल्या भागात गोडे पाणी त्यासाठी उडवणे म्हणजे गॅस जाळून खाऱ्याचे गोडे केलेले पाणी पुन्हा हवेत सोडण्यासारखे आहे. म्हणून अशा ठिकाणी प्रचंड पंख्यांच्या हवेवर भागवावे लागते, आणि हवाच 47 अंशांवर गेली की वाफ नीट निवत नाही, टर्बाइनचा जोर घटतो. म्हणजे सगळ्या शहराचे एसी जेव्हा कुथत असतात, नेमकी तेव्हाच भट्टीची वीज कमी होते.

माझी दुसरी हरकत प्लास्टिकविषयी आहे. कचऱ्यातला जो भाग उत्तम जळतो तो बहुतांशी प्लास्टिकचा, म्हणजे तेलाचाच. या देशात ते जाळणे म्हणजे तेलच एक फेरा मारून आणून जाळणे. त्याला अक्षय ऊर्जा म्हणताना निदान तेवढा भाग वगळावा. शिवाय वरसानचा करार 35 वर्षांचा आहे आणि एवढ्या मोठ्या भट्टीचे पोट रोज भरावे लागते. उद्या लोक प्लास्टिक खरोखरच वेगळे देऊ लागले, तर उरलेल्या ओल्या कचऱ्यावर ती कशी पेटती ठेवायची, हा प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवडच्या मोशी डेपोवर 2023 मध्ये 14 मेगावॅटचा असाच प्रकल्प सुरू झाला. त्यामुळे हा प्रश्न आईच्याही गावचा आहे, आणि आपल्याकडे तर पावसाळ्याचे चार महिने कचरा भिजलेलाच येतो.

ओलाव्याचे गणित मी आईला सांगितले. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 0.7 युनिट उष्णता लागते, म्हणजे कलिंगडाची साल भट्टीत टाकली तर ती देण्याआधी खाते. तिने ऐकून घेतले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा बाल्कनीत, जिथे दुपारी पाय ठेववत नाही तिथे, जुन्या चादरीवर सालींच्या फोडी ओळीने मांडल्या होत्या, कुरडया घालतात तशा. तिसऱ्या दिवशी त्या कडकडीत वाळल्या. सकाळचे एक किलो ताणकाट्यावर 90 ग्रॅम भरले.

"आता टाक," ती म्हणाली, आणि झडप उघडून उभी राहिली.