आईची घरून साक्ष : अर्जातील एका रकान्यावरून झालेली अडवणूक

जागेच्या दाव्यात माझी आई वादी आहे. खुब्याचे हाड मोडल्यामुळे तिला दहिसरहून दक्षिण मुंबईतील न्यायालयात नेणे अशक्य होते, आणि नेमकी तिच्या उलटतपासाची तारीख लागली. वकीलसाहेबांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने) घरूनच साक्ष नोंदवण्याचा अर्ज केला व प्रतिवादीनेही हरकत नसल्याचे म्हणणे दाखल केले.

घोडे अडले ते न्यायालयाच्या कार्यालयात. साक्षीदाराच्या ठिकाणी कोण हजर राहणार, त्यांची नावे व पदे अर्जाच्या नमुन्यात भरायची असतात. तेथील कर्मचाऱ्याचे म्हणणे असे की, समन्वयक, म्हणजे साक्षीदाराजवळ हजर राहून साक्षीवर लक्ष ठेवणारी व्यक्ती, शासकीय अधिकारीच हवा आणि घरी तो नसल्याने अर्ज पुढे जाणार नाही. हवे तर कमिशनर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने साक्ष नोंदवून घेणारी व्यक्ती, नेमून घ्या. आजारी साक्षीदारासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ मध्ये ती सोय आहे, हे खरे; पण आईची उत्तरे न्यायाधीशांनी स्वतः ऐकावीत, असा आमचा आग्रह होता. समन्वयक कोण असावा, याबाबत दूरदृश्य प्रणालीचे नियम स्पष्ट आहेत : परदेशात भारतीय दूतावासाचा अधिकारी, तुरुंगात अधीक्षक, रुग्णालयात तेथील प्रमुख, आणि यांत न बसणाऱ्या ठिकाणी न्यायालयाला योग्य वाटेल अशी, काम करण्यास तयार असलेली व्यक्ती. म्हणजे नेमणूक न्यायालयाने करायची, आणि तिच्यासाठी अर्ज न्यायालयापुढे जायला हवा. हे पुन्हा पुन्हा सांगूनही कागद परत येत राहिले, याचा संताप अजून गेलेला नाही. अखेर ‘हरकत लेखी द्या’ असा आग्रह धरल्यावर अर्ज न्यायाधीशांसमोर ठेवला गेला. त्यांनी दोन्ही पक्षांशी संबंध नसलेल्या एका वकिलांना समन्वयक नेमले. तुमच्यावर ही वेळ आली, तर तोंडी नकारावर माघारी फिरू नका.

डॉक्टरांच्या दाखल्यात केवळ आजाराचे नाव पुरत नाही. रुग्णाला प्रवास करता येणार नाही, हे त्यात स्पष्ट असावे. साक्षीदाराला दाखवायच्या कागदांच्या प्रती निशाणी क्रमांकांसह (न्यायालयाने पुराव्यातील कागदांना दिलेल्या क्रमांकांसह) समन्वयकाकडे आधीच पोहोचवाव्यात. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईतीलच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये अशी साक्ष ग्राह्य धरली होती, त्यामुळे ही मागणी करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

साक्षीच्या वेळी समन्वयकांनी मला खोलीबाहेर बसवले, कारण साक्षीदाराला कोणी सुचवू नये हे पाहणे त्यांचेच काम असते. आईने सगळी उत्तरे न अडखळता दिली आणि उलटतपास त्याच बैठकीत पूर्ण झाला.